ज्ञापक आणि कारक : डायलिसिसच्या रुग्णांतील होमोसिस्टीनविषयक वाङ्मयाचे भाषिक परीक्षण

१

मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे ज्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राद्वारे रक्त शुद्ध करून घ्यावे लागते, असे डायलिसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावतात. या रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचे एक अमिनो आम्ल निरोगी माणसाच्या मानाने दुपटीने, कधी चौपटीने अधिक आढळते. फॉलिक आम्ल आणि ब-६ व ब-१२ ही जीवनसत्त्वे दिली असता हे प्रमाण उतरते. ही तीनही विधाने खरी आहेत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रमाणांचा आधार आहे. परंतु या तिहींच्या बेरजेतून एक चौथे विधान निघाले : ही जीवनसत्त्वे पूरक म्हणून दिल्यास डायलिसिसच्या रुग्णांचा हृदयविकार टळेल. या चौथ्या विधानाला प्रमाण नव्हते. तथापि ते सुमारे दोन दशके वैद्यकीय वाङ्मयात वावरत राहिले आणि २००४ ते २०११ या काळात झालेल्या चाचण्यांनी ते एकामागून एक नाकारले.

या घटनेचा वैद्यकीय आढावा तज्ज्ञांनी अनेकवार घेतला आहे. प्रस्तुत परीक्षणाचा विषय त्याहून वेगळा आहे. प्रमाण हाती येण्यापूर्वीच ते चौथे विधान सिद्धवत् भासू लागले, हे कार्य कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या वाक्यरचनांनी केले, हे तपासणे हा येथील हेतू आहे. हा प्रश्न केवळ इंग्रजी वैद्यकीय गद्यापुरता आहे असेही नाही. त्या गद्यातील संज्ञा आज मराठीत उतरत आहेत. रुग्णांसाठीच्या पुस्तिका, आहारपत्रके आणि औषधांच्या जाहिराती यांतून त्या घरोघर पोहोचतात. मूळ संज्ञेतील संदिग्धता भाषांतरात नाहीशी होते की अधिक दाट होते, हे पाहणे भाषाभ्यासकाचे कामच होय.

२

प्रथम पदार्थाचे नाव. १८१० मध्ये विल्यम वोलस्टन याला मूत्राशयातील एका खड्यात एक नवे द्रव्य सापडले. मूत्राशयासाठी ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून पुढे त्या द्रव्याला सिस्टीन हे नाव पडले. १९३२ मध्ये व्हिन्सेंट डू व्हिन्यो आणि त्याचा सहकारी यांनी मेथिओनीन या अमिनो आम्लावर तीव्र आम्लाची क्रिया करून सिस्टीनसारखेच, पण कार्बनाचा एक दुवा अधिक असलेले द्रव्य मिळविले. सजातीयतादर्शक उपसर्ग लावून त्याचे नामकरण झाले. म्हणजे या नावात पदार्थाची कुळी सांगितली आहे. त्याच्या गुणदोषांविषयी ते काहीही सांगत नाही. गुणदोषांची भाषा पुढे आली ती रोगशास्त्रातून.

शरीरात होमोसिस्टीन तयार होते ते अन्नातील प्रथिनांतून आलेल्या मेथिओनीनपासून. तयार झाल्यावर त्याला दोन वाटा असतात. एक तर त्याचे पुन्हा मेथिओनीन होते. या कामी फॉलिक आम्लापासून झालेले एक द्रव्य आणि ब-१२ ही दोन्ही लागतात. किंवा त्याचे पुढे सिस्टाथिओनीन व मग सिस्टीईन होते. या कामी ब-६ लागते. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात त्याचे प्रमाण साधारणतः दर लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल असते. मूत्रपिंडे निकामी झाली की हे प्रमाण चढते. डायलिसिसने ते काही अंशी उतरते, परंतु रक्तातील बहुतांश होमोसिस्टीन प्रथिनांना चिकटलेले असल्यामुळे यंत्राच्या पडद्यातून थोडाच भाग निघून जातो आणि पुढल्या पाळीपर्यंत प्रमाण पुन्हा पूर्वपदावर येते. उलटपक्षी, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याच पडद्यातून सहज निघून जातात. शिवाय पोटॅशियम कमी व्हावे म्हणून या रुग्णांना भाज्या उकडून त्यांचे पाणी ओतून देण्यास सांगितलेले असते, आणि त्या पाण्याबरोबर भाजीतील फॉलिक आम्लाचाही काही भाग जातो. या रुग्णांना जीवनसत्त्वांची गरज आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच वास्तव आहे. मात्र तो आणि होमोसिस्टीन उतरविण्याचा प्रश्न हे दोन भिन्न प्रश्न आहेत. ते एकच कसे वाटू लागले, हे पुढे पाहावयाचे आहे.

३

या वाङ्मयाचा आरंभ १९६९ मधील किल्मर मॅक्‌कली यांच्या निबंधापासून मानला जातो. आज तो वाचताना त्यातील अनुमानाची शिस्त नजरेत भरते. मॅक्‌कली यांच्यापुढे दोन मुलांच्या शवपरीक्षेचे पुरावे होते. दोघांच्याही धमन्या वृद्ध माणसाच्या असाव्यात तशा जाड व कठीण झाल्या होत्या. दोघांचे जन्मजात दोष मात्र भिन्न होते. एकाच्या दोषात मेथिओनीन वाढते, तर दुसऱ्याच्या दोषात ते घटते; एकात सिस्टाथिओनीन घटते, तर दुसऱ्यात ते वाढते. दोहोंत समान असे एकच होते : होमोसिस्टीनची अतोनात वाढ. तेव्हा धमन्यांच्या बिघाडाचा संबंध त्या समान गोष्टीशी असावा, असे अनुमान त्यांनी काढले. भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत ही अन्वयाची पद्धत होय : जेथे जेथे हे, तेथे तेथे ते. अन्वयाला व्यतिरेकाची जोड मिळाली, म्हणजे हे नसेल तेथे ते नसते असे दिसले, की व्याप्ती दृढ होते. त्या जन्मजात विकारात व्यतिरेकही पुढे मिळाला. उपचाराने प्रमाण उतरविले असता अशा रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रकार पुष्कळच घटतात.

अडचण उद्भवली ती या अनुमानाचे क्षेत्र विस्तारताना. जन्मजात विकारात होमोसिस्टीनचे प्रमाण शंभराच्या वर जाते. डायलिसिसच्या रुग्णांत ते बहुधा वीस ते चाळीसच्या दरम्यान असते. परंतु वैद्यकीय परिभाषेत या दोन्ही अवस्थांना एकच नाव आहे : हायपरहोमोसिस्टिनेमिया. आधिक्यवाचक उपसर्ग एकदा लागला की आधिक्य किती, हे नावात उरत नाही. 'श्रीमंत' या शब्दाने जसे गावातला सुखवस्तू शेतकरी आणि मोठा कारखानदार एकाच ओळीत बसतात, तसेच येथे झाले. जन्मजात विकाराबाबत मिळविलेले प्रामाण्य सौम्य वाढीच्या पदरी पडले, आणि ते पदरी घालण्याचे काम एका समान नावाने केले. असे प्रामाण्य पुढे सिद्ध होणे अशक्य नव्हते. पण ते सिद्ध करणे भाग होते.

४

दुसरा टप्पा १९९५ चा. त्या वर्षी बूशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या निरीक्षणात्मक अभ्यासांचे एकत्र गणित मांडले. होमोसिस्टीन ५ मायक्रोमोलने अधिक असणे हे कोलेस्टेरॉल सुमारे २० मिलिग्रॅमने अधिक असण्याइतके धोक्याचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निबंधाचे शीर्षक भाषाभ्यासकाने लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. त्याच्या पूर्वार्धात होमोसिस्टीनचे रक्तवाहिन्यांच्या विकारातील 'जोखीमघटक' म्हणून संख्यात्मक मूल्यमापन केल्याचे म्हटले आहे. उत्तरार्धात फॉलिक आम्लाचे सेवन वाढविल्याने होणाऱ्या संभाव्य लाभांचा उल्लेख आहे. पूर्वार्ध लोकांत जे आढळले त्याविषयी बोलतो, तर उत्तरार्ध लोकांसाठी काही केले तर काय होईल त्याविषयी. या दोहोंमध्ये एका विरामचिन्हाखेरीज काही नाही. 'संभाव्य' हे विशेषण लेखकांनी प्रामाणिकपणे घातले आहे, हे खरे. पण पुढील वाङ्मयात विधान टिकले आणि विशेषण गळाले.

येथे मराठी क्रियापदांची व्यवस्था उपयोगी पडते. मराठीत 'कमी असणे', 'कमी होणे' आणि 'कमी करणे' ही तीन भिन्न विधाने आहेत. तसेच 'उतरणे' हे साधे क्रियापद आणि 'उतरवणे' हे त्याचे प्रयोजक रूप. 'ताप उतरला' आणि 'ताप उतरवला' यांतील भेद कोणाही मराठी भाषकाला शिकवावा लागत नाही. पहिल्या वाक्यात आजार ओसरल्याची सूचना असू शकते. दुसऱ्यात औषधाने आकडा खाली आणला एवढेच निश्चित असते, आणि आजाराचे काय झाले हा प्रश्न शिल्लक राहतो. घरातील जाणती माणसे नेमके हेच विचारतात : ताप गोळीने उतरला की आपोआप?

निरीक्षणात्मक अभ्यासांत ज्या लोकांचे होमोसिस्टीन कमी होते, ते कमी 'असलेले' होते. कोणीही ते कमी 'केलेले' नव्हते. दोन माणसांमधील ५ मायक्रोमोलचा फरक आणि एकाच माणसात घडवून आणलेली ५ मायक्रोमोलची घट ही गणितात सारखी दिसतात. अर्थात ती सारखी नाहीत. इंग्रजी वैद्यकीय गद्यात 'लोअर' हा एकच शब्द विशेषण म्हणूनही येतो आणि क्रियापद म्हणूनही. 'कमी असलेले' आणि 'कमी करणे' यांमधील अंतर या शब्दात कानाला जाणवत नाही. केवळ या एका शब्दामुळे संशोधक फसले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भाषेने चूक करविली नाही. तिने चुकीला आसरा दिला, एवढेच म्हणता येते.

५

व्यतिरेकाची परीक्षा डायलिसिसच्या रुग्णांत झाली ती यादृच्छिक विभागणीच्या चाचण्यांतून. रुग्णांचे दोन गट दैवाधीन पद्धतीने पाडावयाचे, एकाला जीवनसत्त्वे द्यावयाची, दुसऱ्याला प्लासिबो म्हणजे औषधरहित गोळी, आणि मग काही वर्षांनी कोण जगले व कोण दगावले हे मोजावयाचे. २००४ मध्ये रोन व सहकाऱ्यांनी ५१० डायलिसिस-रुग्णांना फॉलिक आम्लाच्या रोज १, ५ किंवा १५ मिलिग्रॅमच्या मात्रा दिल्या. मृत्यू व हृदयविकार यांत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३१५ मूत्रपिंड-रुग्णांवरील चाचणीत रोज १५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देऊनही लाभ दिसला नाही. २००७ मध्ये जेमिसन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तीत २,०५६ रुग्ण होते, त्यांपैकी ७५१ अंतिम अवस्थेतील. रोज ४० मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, १०० मिलिग्रॅम ब-६ आणि २ मिलिग्रॅम ब-१२ अशी मोठी मात्रा होती. तीन महिन्यांत होमोसिस्टीन जवळजवळ २६ टक्क्यांनी उतरले. चाचणीअखेर जीवनसत्त्वे घेणाऱ्या १,०३२ रुग्णांपैकी ४४८ आणि न घेणाऱ्या १,०२४ रुग्णांपैकी ४३६ दगावले होते. आकडा उतरला, मृत्यू उतरले नाहीत.

या चाचण्यांच्या शीर्षकांची तुलना उद्बोधक आहे. जेमिसन यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'होमोसिस्टीन उतरविण्याचा परिणाम' असे शब्द आहेत. वस्तुतः रुग्णांना देण्यात आली ती जीवनसत्त्वे. होमोसिस्टीन उतरणे हा त्या देण्याचा अनेकांपैकी एक परिणाम. कृतीच्या जागी कृतीच्या एका फळाचे नाव घालणे ही लक्षणा होय. आणि ती निरुपद्रवी नाही. शीर्षकात 'जीवनसत्त्वे दिल्याचा परिणाम' असे असते, तर ती जीवनसत्त्वे आणखी काय काय करतात, हा प्रश्न वाचकाच्या मनात सहज उठला असता. 'होमोसिस्टीन उतरविण्याचा परिणाम' म्हटल्यावर तो प्रश्न उठण्यास जागाच राहत नाही. याउलट २०१० मधील हाइन्झ व सहकाऱ्यांच्या जर्मन चाचणीचे शीर्षक 'ब' जीवनसत्त्वांचेच नाव घेते. त्या चाचणीत ६५० डायलिसिस-रुग्ण होते, आणि मृत्यूचे प्रमाण मोठी मात्रा घेणाऱ्यांत ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात २८ टक्के होते. परंतु याही निबंधात एक शब्द खटकतो. दुसऱ्या गटाला 'प्लासिबो' गट म्हटले आहे, आणि त्याच्या गोळीत ०.२ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, १ मिलिग्रॅम ब-६ व ४ मायक्रोग्रॅम ब-१२ होते. म्हणजे तुलना 'जीवनसत्त्वे आणि काही नाही' यांत नसून 'पुष्कळ आणि थोडे' यांत होती. नाव काही वेगळेच सांगते.

२०१६ मधील कॉक्रेन समीक्षेने अशा सहा चाचण्या व २,४५२ रुग्ण यांचा एकत्र विचार केला, आणि डायलिसिसच्या रुग्णांत होमोसिस्टीन उतरविण्याने हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंवर विशेष परिणाम होत नाही असा निर्वाळा दिला.

६

याच काळातील आणखी एक निबंध वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. २००४ मध्ये कलंतर-झादे व सहकाऱ्यांनी ३६७ डायलिसिस-रुग्णांचे निरीक्षण करून दाखविले की, या रुग्णांत होमोसिस्टीन अधिक असणारे नव्हे, तर कमी असणारे अधिक दगावतात. त्याच वर्षीच्या रोन यांच्या चाचणीतही आरंभीचे प्रमाण अधिक असलेल्या रुग्णांत विकार कमी घडल्याचे आढळले होते. हा विपर्यास वाटेल, पण त्याचा उलगडा अवघड नाही. होमोसिस्टीन अन्नातील प्रथिनांतून येते आणि रक्तात प्रथिनांना चिकटून राहते. ज्याचे जेवण सुटले, ज्याच्या रक्तातील प्रथिने घटली, त्याचे होमोसिस्टीनही घटते. येथे कमी आकडा आरोग्याची खूण नसून उपासमारीची आहे. या निबंधाच्या शीर्षकात होमोसिस्टीनला 'निर्देशक' म्हटले आहे, 'जोखीमघटक' नव्हे. शब्दाची ही निवड अचूक आहे.

संस्कृत शास्त्रपरंपरेने या भेदासाठी दोन नेमकी नावे फार पूर्वी दिली आहेत. हेतू दोन प्रकारचा : कारक आणि ज्ञापक. अग्नी हा धुराचा कारक हेतू. धूर हा अग्नीचा ज्ञापक हेतू. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. परंतु धूर पंख्याने हाकलला म्हणून अग्नी विझेल असे कोणी म्हणत नाही. मूत्रपिंड-रुग्णाच्या रक्तातील होमोसिस्टीन हा ज्ञापक हेतू असावा, असाच चाचण्यांचा कौल आहे. मूत्रपिंडाची हानी एकीकडे होमोसिस्टीन चढविते आणि दुसरीकडे रक्तवाहिन्या बिघडविते. दोन्ही एकत्र आढळतात ती दोहोंच्या मागे उभे असलेल्या तिसऱ्या गोष्टीमुळे. नैयायिकांनी अशा आडून काम करणाऱ्या अटीला 'उपाधी' म्हटले. जेथे अग्नी तेथे धूर ही व्याप्ती सदोष आहे, कारण तिच्या आड ओल्या सरपणाची उपाधी आहे, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. हे साम्य मर्यादेपर्यंतच घ्यावे. नैयायिकांची व्याप्ती निरपवाद असते. वैद्यकातील संबंध शक्यतेचे असतात. तरीही 'या दोहोंच्या आड ओले सरपण तर नाही ना?' हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

या दृष्टीने मराठीतील रूढ प्रतिशब्द तपासावा लागतो. 'रिस्क फॅक्टर' या संज्ञेसाठी 'जोखीमघटक' किंवा 'धोक्याचा घटक' हे शब्द प्रचारात आहेत. मराठीत 'घटक' म्हणजे ज्यापासून काही घडते तो अंश. तेव्हा 'होमोसिस्टीन हा हृदयविकाराचा जोखीमघटक आहे' हे वाक्य ऐकणारा मराठी वाचक, धोका ज्यापासून घडला आहे त्यातला तो एक भाग आहे, असेच समजणार. आणि भाग काढून टाकला की धोका तितका घटेल, असा निष्कर्ष आपोआप काढणार. इंग्रजी संज्ञेत जी संदिग्धता होती ती मराठीत येताना एका बाजूला झुकली, आणि नेमकी चुकीच्या बाजूला. यावर उपाय म्हणून 'जोखीमकारक' आणि 'जोखीमज्ञापक' असे दोन शब्द वेगळे योजता येतील. जेथे काढून टाकण्याने धोका घटतो असे चाचणीने दाखविले आहे, उदाहरणार्थ उच्च रक्तदाब, तेथे पहिला. जेथे केवळ साहचर्य दिसले आहे तेथे दुसरा. आणि जेथे निर्णय व्हावयाचा आहे तेथेही दुसराच, कारण तो कमी दावा करतो.

७

राहिला 'पूरक' हा शब्द. त्याचा धात्वर्थ भरून काढणे हा. पूरक म्हणताच उणीव गृहीत धरली जाते. जे भरलेले आहे त्याला पूरक कसले? दिवसाला अवघे काही मायक्रोग्रॅम पुरणारे ब-१२ हे जीवनसत्त्व जेव्हा मिलिग्रॅमने दिले जाते, तेव्हा ते 'पूरक' या संज्ञेखाली येत नाही. ते औषध असते, आणि औषधाला लागणारे सर्व प्रश्न त्याला लागतात. हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे २०१० मध्ये हाऊस व सहकाऱ्यांच्या कॅनडातील चाचणीने दाखविले. तीतील २३८ रुग्ण मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडू लागलेले होते. त्यांपैकी निम्म्यांना रोज २.५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, २५ मिलिग्रॅम ब-६ व १ मिलिग्रॅम ब-१२ देण्यात आले. होमोसिस्टीन अपेक्षेप्रमाणे उतरले. परंतु छत्तीस महिन्यांत मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता गोळी घेणाऱ्यांत सरासरी १६.५ एककांनी घटली, तर न घेणाऱ्यांत १०.७ एककांनी. रक्तवाहिन्यांचे विकारही गोळी घेणाऱ्यांत दुपटीने घडले. मूत्रपिंडे ज्या द्रव्यांचा निचरा करतात, त्यांची मोठी मात्रा निचरा मंदावलेल्या शरीरात निरुपद्रवी राहीलच असे नाही. 'जीवनसत्त्व' या नावात जीवन आहे आणि 'पूरक' या नावात उणीव आहे. या दोन प्रसन्न शब्दांच्या आड हा धोका दिसेनासा होतो.

एक आक्षेप येथे उचित आहे. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तदाबाच्या औषधाबरोबर रोज ०.८ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्याने पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. मग चौथे विधान सर्वस्वी असत्य कसे? याचे उत्तर 'पूरक' शब्दाच्या मूळ अर्थातच आहे. ते रुग्ण डायलिसिसवर नव्हते, आणि त्यांच्या देशात पिठात फॉलिक आम्ल मिसळण्याची सक्ती नव्हती. अमेरिकेत ती १९९८ पासून आहे. फॉलिक आम्लाचा लाभ ज्यांच्या रक्तात ते आधीच कमी होते त्यांना विशेष झाला, असेच त्या चाचणीवरून दिसते. जेथे उणीव होती तेथे मात्रा पूरक ठरली. जेथे नव्हती तेथे केवळ भर पडली. शिवाय तेथेही लाभ कशाने झाला, होमोसिस्टीन उतरल्याने की फॉलिक आम्लाच्या अन्य कार्याने, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांचे होमोसिस्टीन १५ च्या वर होते. हे मूत्रपिंडाचे रुग्ण नव्हते. शाकाहार हे येथील ब-१२च्या उणिवेचे एक प्रमुख कारण होय. तेव्हा पुण्यातील एखाद्या शाकाहारी डायलिसिस-रुग्णाच्या रक्तात होमोसिस्टीन चढलेले आढळले, तर त्या एका आकड्यात दोन भिन्न वाक्ये मिसळलेली असू शकतात : मूत्रपिंडाने बोललेले एक, आणि ताटाने बोललेले दुसरे. पहिल्याला गोळीचे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, पण ते उत्तर ब-१२ची उणीव भरून काढण्याचे आहे. ती न भरल्यास पांडुरोग व मज्जातंतूंची हानी होऊ शकते. हृदयविकार टाळण्याचे आश्वासन त्या उत्तरात नाही.

८

अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक आहाराची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली. त्यांत ही दोन वाक्ये वेगळी केलेली आढळतात, आणि या वाङ्मयाच्या अर्धशतकी वाटचालीचे सार त्यातच आहे. मूत्रपिंडविकारामुळे होमोसिस्टीन चढले आहे, एवढ्याच कारणासाठी फॉलिक आम्ल किंवा 'ब' जीवनसत्त्वे सरसकट देऊ नयेत, कारण त्याने हृदयविकार घटतो याला प्रमाण नाही, ही एक शिफारस. फॉलिक आम्लाची वा ब-१२ची उणीव लक्षणांवरून आढळल्यास ती भरून काढण्यासाठी ती द्यावीत, ही दुसरी. गोळी कदाचित तीच. तिच्यामागील वाक्य मात्र दुसरे.

या परीक्षणावर असे म्हणता येईल की, निकाल हाती आल्यावर शब्दांत दोष काढणे सोपे असते. हे मान्य केले पाहिजे. हेही मान्य केले पाहिजे की, ज्या संशोधकांनी ती आशा बाळगली, त्यांपैकीच अनेकांनी चाचण्या केल्या आणि प्रतिकूल निकाल न लपविता छापले. ही त्या शास्त्राची प्रतिष्ठा होय. परंतु चाचणी होईपर्यंतच्या वर्षांत रुग्ण गोळ्या घेतच असतो, आणि चाचणी झाल्यानंतरही जाहिरातीची भाषा जुनीच राहते. दिवसाकाठी मोजून पाणी पिणाऱ्या, मुठीने औषधे गिळणाऱ्या आणि प्रत्येक पाळीचा खर्च सोसणाऱ्या माणसाला आणखी एक गोळी देताना ती काय भरून काढते आणि काय उतरविते, हे त्याच्या भाषेत वेगवेगळे सांगता आले पाहिजे. मराठीत त्यासाठी लागणारी क्रियापदे आहेत, आणि 'कारक' व 'ज्ञापक' हे शब्दही आहेत. वैद्यकीय पुस्तिकांचे भाषांतर करणाऱ्यांनी आणि परिभाषा ठरविणाऱ्या समित्यांनी 'जोखीमघटक' हा शब्द पुढल्या वेळी लिहिण्यापूर्वी, येथे कारक अभिप्रेत आहे की ज्ञापक, एवढे ठरवून घ्यावे.